झाकण उघडण्याआधी: घरच्या घरी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांसाठी

नेटवर वाचून किंवा व्हिडिओ बघून घरचा कॉम्प्युटर स्वतः दुरुस्त करायला माझा विरोध नाही. दुरुस्तीवरच माझं घर चालतं, तरी सांगते, माझ्या टेबलावर येणारी बरीचशी कामं घरी होण्यासारखी असतात. रॅम, म्हणजे तात्पुरत्या मेमरीची पट्टी, काढून पुन्हा बसवायची, पंख्यातली धूळ काढायची, मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डावरचा, सेल बदलायचा, एवढ्यासाठी पैसे मोजून वर दोन दिवस वाट कशाला बघायची?

इंदूरला रामबागेत घराच्या पुढच्या खोलीत मी हे काम करते. त्याआधी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये होते. गल्लीतली मराठी मंडळी ताई म्हणतात, बाकीचे दीदी, पण दोघांचंही पहिलं वाक्य ठरलेलं: "काही नाही, जरा उघडून बघितलं होतं." मग पिशवीतून लॅपटॉप निघतो, पाठोपाठ स्क्रूंची डबी, आणि त्या डबीत एखादा असा स्क्रू असतो की तो कुठला हे आणणाऱ्यालाही सांगता येत नाही. अशांचा मला राग येत नाही. हात घालायची हिंमत आहे, निम्मं काम तिथेच झालं. राहिले नियम.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. सल्ला देणारा कितीही जाणकार असला तरी त्याला तुमचं मशीन दिसत नसतं. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपच्या दोन वर्षांच्या मॉडेलांत आतली मांडणी निराळी असू शकते. एकात रॅम बदलता येते, दुसऱ्यात ती बोर्डाला डाग देऊन बसवलेली असते. त्याने लिहिलेलं त्याच्या समोरच्या मशीनपुरतं बरोबरच असेल. ते आपल्याला लागू पडतं का, हे ताडून बघायचं काम आपलं. आणि बिघडलं तर भुर्दंडही आपल्यालाच, कारण फुकट मिळालेल्या सल्ल्याची तक्रार कुठे नेणार?

मशीन कोणाचं?

हा प्रश्न कोणी विचारतच नाही. ऑफिसने दिलेला लॅपटॉप घरी आहे म्हणून तो आपला होत नाही. तो संथ चालतो म्हणून त्यात रॅम टाकणं, त्यावर कुठलं तरी सफाईचं सॉफ्टवेअर चढवणं, हे ऑफिसला विचारल्याशिवाय करायचं नाही. आत कंपनीचा डेटा असतो आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 मध्ये मालकाच्या किंवा ज्याच्या ताब्यात मशीन आहे त्याच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरणं, डेटा काढून घेणं, नुकसान करणं, या सगळ्यावर भरपाई आहे. तेच लबाडीने केलं तर कलम 66 लागतं आणि गोष्ट तुरुंगापर्यंत जाते.

म्हणून "आत्येभावाचा लॅपटॉप आहे, पासवर्ड विसरला, काढून द्या ना" असं कोणी म्हटलं की मी आत्येभावालाच घेऊन यायला सांगते. नसेल यायचं तर बिल दाखवा. काही जण रागावून जातात, जाऊ देत. नेटवरही चांगले जाणकार असल्या प्रश्नांना उत्तर देत नाहीत, त्यात त्यांचा आखडूपणा नाही. समोरचा खरा मालक आहे की चोर, हे त्यांना कसं कळणार?

आता वॉरंटी. बिल शोधा, तारीख बघा. वॉरंटीत असेल तर झाकणाला हात लावू नका, आधी कंपनीच्या सेवा केंद्राशी बोला. काही कंपन्या रॅम किंवा एसएसडी (तबकडी नसलेली, चिपवर डेटा साठवणारी डिस्क) ग्राहकाने बदललेली चालवून घेतात, काही नाही. हे त्या मॉडेलच्या कागदपत्रांत लिहिलेलं असतं. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं आहे. दुरुस्तीच्या पुस्तिका, सुटे भाग आणि वॉरंटीची माहिती कंपन्यांनी तिथे एकत्र द्यावी असा त्यामागचा विचार आहे. वॉरंटीत असूनही टोलवाटोलवी झाली तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते.

आधी डेटा, मग दुरुस्ती

मशीनची किंमत ठरवता येते, आतल्या फोटोंची आणि हिशोबांची नाही. इंदूर हे व्यापाऱ्यांचं गाव. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मशीनांमध्ये कोणाचं ना कोणाचं टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, असतं. मार्चअखेरीला हार्ड डिस्कने मान टाकली की दुकानदाराचा चेहरा बघवत नाही. मशीन चालू होत असेल तर पहिलं काम बॅकअप: बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि ती कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडली तरच बॅकअप झाला म्हणायचं.

हार्ड डिस्कमधून कट-कट आवाज येत असेल तर मशीन बंद करा आणि पुन्हा चालू करू नका. आत फिरणाऱ्या तबकडीवर वाचणारं डोकं घासत असण्याची शक्यता असते, आणि प्रत्येक वेळी चालू केलं की आणखी डेटा खरवडला जातो. इथे 'चेकडिस्क (विंडोजमधला डिस्क तपासणारा प्रोग्राम) चालवा' हा सल्ला हमखास मिळतो. मरायला टेकलेल्या डिस्कवर तो चालवू नका. तो फाइल व्यवस्थेत दुरुस्ती करू बघतो आणि डिस्कला तासन्‌तास राबवतो. डेटा हवा असेल तर डेटा काढून देणाऱ्याकडे जा. नको असेल तर नवी एसएसडी टाका आणि विषय संपवा.

नव्या लॅपटॉपवाल्यांसाठी आणखी एक. विंडोज 11 च्या बऱ्याच मशीनांत मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. बिटलॉकर म्हणतात ते हेच. तुम्हाला पत्ताही नसतो. मग बायॉस, म्हणजे मशीन चालू करणारं बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केलं, मदरबोर्ड बदलला, बायॉसमध्ये सुरक्षेचं एखादं सेटिंग हलवलं, की निळा पडदा येतो आणि 48 आकडी किल्ली मागतो. ती नसेल तर आतला डेटा मला, सेवा केंद्राला किंवा खुद्द मायक्रोसॉफ्टलाही उघडता येत नाही. म्हणून काहीही करण्याआधी आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती किल्ली कागदावर उतरवून घ्या. खातं कोणाच्या नावाने आहे तेही बघा. दुकानदाराने सेटअप करून देताना स्वतःच्याच ईमेलने खातं उघडून दिलेले लॅपटॉप इथे येतात, आणि मग त्या दुकानदाराला शोधायची वेळ येते.

विचारायचं कसं?

वैद्याकडे जाऊन 'बरं नाही' एवढंच सांगितलं तर तो काय औषध देणार? "लॅपटॉप चालत नाही, अर्जंट मदत करा" हा तसलाच प्रश्न. उत्तर देणारा कुठेतरी आपलं काम आटोपून फावल्या वेळात बसलेला असतो. त्याला अर्जंट म्हणून दटावायचं नाही आणि दर तासाला 'कोणी आहे का' म्हणून डिवचायचंही नाही.

चांगला प्रश्न असा असतो: "लॅपटॉपचं मॉडेल अमुक, खालच्या स्टिकरवरून लिहिलं आहे. विंडोज 11. काल संध्याकाळी विजा चमकत असताना चार्जिंगला होता, लाइट गेली आणि लगेच आली. तेव्हापासून चार्जर लावला की दिवा लागतो, पण बटण दाबल्यावर पंखा क्षणभर फिरून थांबतो. पडद्यावर काही येत नाही. त्याच कंपनीचा तेवढ्याच वॅटचा दुसरा चार्जर लावला, तेच. अजून उघडलेला नाही. आत हिशोबाची फाइल आहे, बॅकअप नाही."

यात सगळं आलं: काय आहे, केव्हापासून, काय दिसतं, काय करून झालं, काय गमवायचं नाही. पडद्यावर संदेश येत असेल तर तो जसाच्या तसा उतरवा, 'काहीतरी एरर' लिहू नका. डेस्कटॉप पीप-पीप करत असेल तर लांब किती, आखूड किती ते मोजा, त्या आवाजांना अर्थ असतो. फोटो टाकताना मात्र सीरियल नंबर, विंडोजची की, आपलं नाव, वायफायचं नाव हे झाकून टाका. मॉडेल नंबर द्यायचा, सीरियल नंबर नाही. दोन्ही एकाच स्टिकरवर असतात म्हणून लोक गोंधळतात. आणि चहा सांडला असेल तर चहा सांडला असं लिहा. 'अचानक बंद पडला' लिहिणाऱ्यांचा चहा नंतर कीबोर्डखाली मला सापडतोच, वेलचीसकट.

एकच प्रश्न पाच ठिकाणी विचारून पाचही उत्तरांची खिचडी करू नका. एकाची तिसरी पायरी आणि दुसऱ्याची पाचवी एकत्र केली की काय झालं हे कोणालाच सांगता येत नाही. एका वेळी एकच बदल करायचा, त्याचा परिणाम बघायचा, वहीत लिहायचं. वही खरोखरची, कागदाची. मशीन बंद पडल्यावर मशीनमधली नोंद काय कामाची?

सल्ला केव्हाचा आहे तेही बघा. विंडोज 7 च्या काळातले 'रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही) साफ करा'वाले लेख अजून फिरतात. विंडोज 10 चा सर्वसाधारण सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हा 'विंडोज 10 टाका, निवांत राहा' हा आधीचा सल्ला आता तसाच घेता येत नाही. कोणी काळ्या खिडकीत (आज्ञा टाइप करायच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये) चिकटवायला एखादी आज्ञा दिली तर ती काय करते हे कळेपर्यंत एंटर दाबू नका. विचारलं तर चांगला माणूस समजावून सांगतो. जो चिडतो त्याची आज्ञा चालवायची नाही, एवढं साधं आहे.

आणि काम झालं की परत जाऊन सांगा. नुसतं 'थँक्यू, झालं' नव्हे. कशाने झालं ते. उद्या त्याच मॉडेलवाला दुसरा कोणी तेच शोधत येणार असतो. नाही झालं तरी सांगा. फुकट मदतीची एवढीच फी आहे, आणि तीच लोक बुडवतात.

उघडताना

डेस्कटॉप असेल तर बटण बंद करा, प्लग भिंतीतून काढा आणि मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या न रंगवलेल्या लोखंडाला हात लावा. इंदूरच्या कोरड्या थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, तेवढी स्थिर वीज रॅमला पुरते. तेव्हा लोकरीचा स्वेटर आणि गालिचा दोन्ही टाळा.

पॉवर सप्लायची पेटी, जिला सगळे एसएमपीएस म्हणतात, ती उघडायची नाही. कोणी कितीही छान व्हिडिओ केला असला तरी. आपल्या घरातली 230 व्होल्टची वीज तिच्या आत साधारण 325 व्होल्ट डीसी होऊन कॅपॅसिटरमध्ये साठते आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहते. ती पेटी बदलायची असते, उघडायची नसते.

पडदा काळा आणि पंखा फिरतोय, ही डेस्कटॉपची सर्वात नेहमीची तक्रार, आणि घरी सुटण्यासारखी. रॅमच्या दोन्ही टोकांचे चिमटे बाहेर दाबा, पट्टी सरळ वर ओढा. सोनेरी दातांवरून शाळेतला मऊ पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, स्लॉटपासून लांब, म्हणजे भुगा आत पडणार नाही. ब्रशने झटका. पुन्हा बसवताना पट्टीची खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळतोय का बघा. जुळत नसेल तर जोर लावू नका. डीडीआर3 ची पट्टी डीडीआर4 च्या (रॅमच्या पुढच्या पिढीच्या) स्लॉटमध्ये बसू नये म्हणूनच ती खाच निराळ्या जागी असते. चिमटे आपोआप टक्‌ करून लागले पाहिजेत. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा.

घड्याळ दर वेळी जुन्या तारखेवर जात असेल आणि ब्राउझर कुठलीही साइट 'सुरक्षित नाही' म्हणत असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपला. सीआर2032, तीन व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. हे काम मुलांकडून करून घ्या, त्यांना मजा वाटते.

लॅपटॉपचा जीव स्क्रूंमध्ये असतो. एक कोरा कागद घ्या, त्यावर लॅपटॉपच्या तळाची आकृती काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच कागदात टोचून ठेवा. खाली थर्माकोल असला तर आणखी बरं. कारण सगळे स्क्रू सारखे दिसले तरी सारखे नसतात. बिजागरीजवळचे लांब, पुढच्या कडेचे आखूड. लांब स्क्रू पुढच्या भोकात पिळला की तो वरच्या पत्र्याला आतून ढकलतो आणि टचपॅडच्या बाजूला छोटासा फुगवटा येतो. बोट फिरवलं की लागतो. काही वेळा तो पत्र्यावर न थांबता बोर्डात घुसतो, आणि मग स्क्रूच्या चुकीला मदरबोर्डाची किंमत पडते. रबराच्या पायांखाली लपलेले एक-दोन स्क्रू असू शकतात. झाकण एका कोपऱ्यात अडलं तर ओढायचं नाही, तिथला रबर उचलून बघायचा.

झाकण निघालं की बाकी कशालाही हात लावण्याआधी बॅटरीचा प्लग काढा. कीबोर्डची चपटी पट्टी ओढू नका. तिच्या टोकाला नखाएवढी पट्टी-कडी असते, काहींची वर उचलते, काहींची मागे सरकते. ती सोडली की पट्टी आपसूक सुटते. पंखा फुंकताना पातं बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरू देऊ नका.

सुटा भाग घ्यायला आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलला जाणार असाल तर जुना भाग किंवा त्याच्या स्टिकरचा फोटो घेऊन जा. 'डेलची बॅटरी द्या' म्हटलं तर दुकानदार कुठली देणार? बिल मागा, बॅटरीवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, नोंदणी चिन्ह बघा.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात

ड्रायव्हर, म्हणजे मशीनचे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर, कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून, मॉडेल टाकून. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये'वाले प्रकार नकोत. क्रॅक केलेली विंडोज किंवा ऑफिस यांबद्दल मदत मागू नका. मिळाली तरी तिच्याबरोबर काय येतं हे क्रॅक करणाऱ्यालाच ठाऊक. बायॉस अपडेट गरज असेल तरच, तेही चार्जर लावून आणि बॅटरी भरलेली असताना. पावसाळ्यात लाइटची ये-जा चालू असताना डेस्कटॉपवर तर नकोच. अर्ध्यात वीज गेली की बोर्ड मुका होतो.

कोणी म्हणालं, "हे ॲप टाका, नंबर सांगा, मी इथूनच तुमचा कॉम्प्युटर ठीक करतो," तर नम्रपणे नाही म्हणा. स्वतःहून फोन करून 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' सांगणाऱ्याशी नम्रपणाचीही गरज नाही. कोणाला आत घेऊन बसला असाल आणि पैसे गेले असतील तर लगेच नेट तोडा, बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, फोन करा. इथे तासांना किंमत असते.

इथे थांबा

बॅटरी फुगली असेल, टचपॅड वर आलं असेल, झाकण नीट मिटत नसेल, तर चार्जिंग बंद. ती दाबायची नाही, टोचायची नाही, सपाट करायचा प्रयत्न तर मुळीच नाही, पेट घेते. जळका वास आला, थांबा. पाणी किंवा चहा सांडला तर बंद करा, चार्जर काढा, उलटा धरा आणि घेऊन या. तांदळाच्या डब्यात ठेवू नका. पाणी एक वेळ वाळेल, चहातली साखर आणि दूध बोर्डावर राहतात आणि हळूहळू तांबं खातात. स्क्रूचं डोकं झिजून स्क्रू-ड्रायव्हर गोल फिरायला लागला, तरी थांबा. माझ्याकडे त्यासाठी वेगळं हत्यार आहे, तुमच्याकडे पक्कड आहे.

निघालेली जुनी बॅटरी आणि बोर्ड ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचे नाहीत. इंदूरमध्ये घरचा कचरा सहा प्रकारांत वेगळा करायचा असतो आणि त्यात ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा आहे. गाडीवाल्याला 'बॅटरी आहे' असं सांगून हातात द्या. जुना कॉम्प्युटर विकायचा किंवा कोणाला द्यायचा असेल तर नुसतं झटपट फॉरमॅट करून भागत नाही, त्यातून फाइली परत निघतात. विंडोज रीसेट करताना ड्राइव्ह पूर्ण साफ करायचा पर्याय असतो, तो निवडा आणि रात्रभर चालू द्या.

आणि शेवटी दुकानात यायचीच वेळ आली तर काय काय केलं ते खरं सांगा. वही असेल तर वहीच दाखवा. त्यामुळे मी रागावत नाही, उलट तपासायच्या निम्म्या गोष्टी वगळता येतात आणि तुमचं बिल कमी होतं. सगळे स्क्रू आणा, तो अनोळखी स्क्रूसुद्धा. काम सुरू करण्याआधी अंदाज विचारा, डेटाला हात लावायचा की नाही ते लिहून द्या, बदललेला जुना भाग परत मागा. आणि चार्जर आणा. तो विसरला की सुदामा नगरहून परत हेलपाटा पडतो.